संगणक सुरू होत नाहीं तेव्हां

यंत्र सुरळीत चालत असतें तोंपर्यंत त्याच्या पोटांत काय चाललें आहे, याची चौकशी कोणी करीत नाहीं. विहिरीला पाणी असेपर्यंत झऱ्याची आठवण होत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. परंतु एके दिवशीं सकाळीं कळ दाबावी आणि संगणकानें उत्तरच देऊं नये, म्हणजे घरांत मोठी धांदल उडते. एक जण कळ पुन्हां पुन्हां दाबतो, दुसरा पेटीवर थापा मारतो, तिसरा 'आतां नवाच घ्यावा' असा निकाल देऊन मोकळा होतो. या तिन्ही उपायांपैकीं एकहि शास्त्रशुद्ध नाहीं. म्हणून घरचा संगणक नीट सुरू होत नसल्यास दोष कसा शोधावा, कोणतें काम स्वतः करावें आणि कोठें हात आवरावा, याचें थोडक्यांत विवेचन करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घडलेली एक हकीकत सांगतों. गेल्या वर्षीं वार्षिक परीक्षा तोंडावर आली असतां नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत आमच्याकडे आला. "सर, घरचा संगणक बंद पडला आहे. दुकानदार म्हणतो, बोर्ड जळला; नवा घ्यावा लागेल, आणि जुन्यांतलें कांहीं मिळणार नाहीं." त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. गिऱ्हाइकांची उधारी त्या संगणकांत, मुलाचा विज्ञानाचा प्रकल्प त्याच संगणकांत, आणि या दोहोंहून मोलाची वस्तु म्हणजे दोन वर्षांपूर्वीं वारलेल्या आजीच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्या. थोरल्या बहिणीनें त्या मोबाइलवर मुद्रित करून संगणकांत ठेवल्या होत्या. मोबाइल पुढें हरवला. उधारी वहीवरून पुन्हां लिहितां आली असती, प्रकल्प पुन्हां करतां आला असता. आजीचा आवाज मात्र पुन्हां कोठून आणावयाचा? त्या रविवारीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों. तेथें काय झालें तें ओघानें पुढें येईलच.

संगणक जागा कसा होतो?

दोष शोधावयाचा तर निरोगी यंत्राचा क्रम आधीं ठाऊक पाहिजे. आपल्या शाळेची सकाळ डोळ्यांपुढें आणा. शिपाई फाटक उघडतो, घंटा होते, हजेरी घेतली जाते, मग वर्गशिक्षक येऊन पाठ सुरू करतात. फाटकच उघडलें नाहीं तर शिक्षक कां आले नाहींत हें विचारण्यांत अर्थ नाहीं. संगणकाचेंहि तसेंच आहे. त्याच्याहि पायऱ्या ठरलेल्या असून एक ओलांडल्याखेरीज दुसरीवर पाऊल पडत नाहीं.

पहिली पायरी विजेची. आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची व सतत दिशा बदलणारी असते. संगणकाला ती जशीच्या तशी चालत नाहीं. पेटींतील पॉवर सप्लाय नांवाचा डबा तिचें रूपांतर १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेंत करून सर्व भागांस वांटून देतो. दुसरी पायरी हजेरीची. मदरबोर्डवरील एका चिपमध्यें लहानसा कार्यक्रम कायमचा कोरून ठेवलेला असतो. तो प्रथम उठतो आणि प्रोसेसर, रॅम, कळफलक, पडदा हे सर्व जागेवर आहेत कीं नाहींत हें तपासतो. तिसऱ्या पायरीवर तोच कार्यक्रम डिस्क शोधतो. चौथ्या पायरीवर डिस्कमधील विंडोज, लिनक्स किंवा अशीच एखादी संचालन-प्रणाली रॅममध्यें उतरते, आणि नंतर आपल्या ओळखीचें चित्र पडद्यावर दिसतें.

या सर्व क्रियेला 'बूट होणें' म्हणतात. त्या शब्दामागें एक गंमत आहे. इंग्रजी बुटाच्या वरच्या कडेला तो ओढून चढविण्यासाठीं एक बंद असतो. आपल्याच बुटाचा बंद ओढून आपणच वर उचललें जाणें ही अशक्य गोष्ट. पण संगणकाला नेमकें तेंच करावयाचें असतें. कार्यक्रम डिस्कवरून आणावयास कार्यक्रमच लागतो. मग पहिला कोणी आणावयाचा? हें कोडें मघां सांगितलेल्या चिपमधील लहान कार्यक्रमानें सुटतें. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक बाजारांत आणला तेव्हां त्यांतील या कार्यक्रमास 'बायॉस' म्हणत. नव्या यंत्रांत त्याची जागा 'यूईएफआय' या पद्धतीनें घेतली आहे. तथापि लोकांच्या तोंडीं बायॉस हेंच नांव अजून आहे.

सुरू होण्याचा क्षण हा यंत्राच्या कसोटीचा क्षण होय, ही गोष्ट नवी नाहीं. अमेरिकेंत १९४६ सालीं लोकांपुढें आलेल्या एनिॲक या अवाढव्य संगणकांत सुमारें १८ हजार निर्वात नलिका होत्या. त्या बहुधा तापतांना किंवा निवतांना, म्हणजे यंत्र सुरू किंवा बंद करतांना निकामी होत; म्हणून तें यंत्र शक्य तों बंदच करीत नसत. पुढें ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंतच हार्वर्ड मार्क दोन या यंत्राचा दोष शोधतां शोधतां एका रिलेमध्यें अडकलेला पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो चिकटपट्टीनें नोंदवहींत चिकटवून ठेवला. ती वही आजहि जतन केलेली आहे. दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची चाल त्याहून जुनी आहे, परंतु येथें खराच किडा हातीं लागला! यांतील घेण्यासारखी गोष्ट ती विनोदाची नव्हे, नोंदवहीची. दोष सांपडला कीं तो तारीख-वेळेसह लिहून ठेवावयाचा, ही त्यांची शिस्त होती.

पहिली परीक्षा : यंत्र अगदींच निपचित आहे काय?

कळ दाबली असतां दिवा लागत नाहीं, पंखा फिरत नाहीं, कसलाच आवाज नाहीं, तर दोष पहिल्या पायरीवर आहे असें समजावें. अशा वेळीं स्क्रू-ड्रायव्हर हातीं घेण्याची घाई करूं नये. भिंतींतील त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहावा. दिवा लागला तर वीज आहे. नंतर मधला एक्स्टेन्शन बोर्ड किंवा यूपीएस वगळून संगणक सरळ भिंतीच्या सॉकेटला जोडावा. पेटीच्या पाठीमागें पॉवर सप्लायवर लहानसें बटण असतें. केर काढतांना तें बंद झालेलें पुष्कळदां आढळतें. विजेची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे काय तें पाहावें, व शेजाऱ्याकडून तशीच दुसरी केबल आणून लावावी.

लॅपटॉप असल्यास चार्जर काढून, सुरू करण्याची कळ सुमारें तीस सेकंद दाबून धरावी आणि सोडावी. म्हणजे आंत साठलेली वीज निघून जाते. मग चार्जर लावून पुन्हां प्रयत्न करावा. लॅपटॉपचें पोट फुगलेलें दिसलें तर बॅटरी फुगली आहे असें जाणून तो वापरूं नये, दाबूं नये, चार्ज तर मुळींच करूं नये.

येथें पालकांस एक विनंति. पॉवर सप्लायचा डबा घरीं कधींहि उघडूं नये, मुलांस उघडूं देऊं नये. त्यांतील कपॅसिटर वीज बंद केल्यावरहि कांहीं काळ प्रभार धरून राहतात आणि जिवावरचा झटका देऊं शकतात. तसेंच सॉकेटच्या तिसऱ्या छिद्राला, म्हणजे अर्थिंगला, तार खरोखर जोडलेली आहे कीं नाहीं, हें वायरमनकडून एकदां पाहून घ्यावें. पेटीला हात लावतांच मुंग्या येत असतील तर तो अशुभ शकुन नव्हे, अर्थिंग नसल्याची खूण आहे.

दुसरी परीक्षा : पंखा फिरतो, पण पडदा काळा

गिरणीवाल्यांच्या घरीं हीच अवस्था होती. कळ दाबतांच पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. अशा वेळीं आधीं पडद्याचीच झडती घ्यावी. संगणक चालू असून केवळ पडद्याची केबल सैल असणें ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे. ज्या पेटींत निराळें ग्राफिक्स कार्ड बसविलें आहे, तींत केबल त्या कार्डालाच लावावी लागते. मदरबोर्डच्या छिद्राला लावल्यास बहुधा चित्र उमटत नाहीं.

पडदा निर्दोष ठरल्यावर कान देऊन ऐकावें. हजेरी घेणाऱ्या कार्यक्रमाला दोष आढळला आणि चित्र दाखवितां आलें नाहीं, तर तो शिट्ट्यांनीं बोलतो. त्या किती व कशा, यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. म्हणून मदरबोर्डची पुस्तिका पाहावी, अंदाजानें अर्थ लावूं नये. नव्या मदरबोर्डवर शिट्टीऐवजीं लहान दिवे असतात. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं शिट्टी पुन्हां पुन्हां ऐकूं येत होती. आम्हीं त्याच्याकडून पुस्तिकेंत तिचा अर्थ शोधून घेतला. त्यानें वाचलें : "रॅममध्यें दोष." म्हणजे दुकानदारानें ज्याला जळलेलें ठरविलें होतें, तें बोर्ड आपली व्यथा स्वतःच सांगत होतें, ऐकणारा मात्र कोणी नव्हता.

मग विजेची केबल सॉकेटपासून सोडवून पेटीचें झांकण काढलें. आंत पिठाची धूळ वीतभर पसरलेली. पांढऱ्या पुटाखालीं पंखा ओळखूं येईना. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगांतील स्थिर वीज निघून जाते. नाहींतर डोळ्यांस न दिसणारी ती ठिणगी नाजुक चिप बिघडवूं शकते. मऊ कुंचल्यानें धूळ झाडली. रॅमच्या दोन्ही बाजूंचे खटके उघडून पट्टी सरळ वर काढली. तिच्या कडेच्या सोनेरी दांत्यांवर मळ होता. पेन्सिलीच्या स्वच्छ रबरानें तो हलक्या हातानें पुसला, रबराचा चुरा झाडला, आणि खटके आपोआप मिटेपर्यंत पट्टी पुन्हां बसविली. कळ दाबली. पडद्यावर अक्षरें उमटलीं. घरांतील मंडळींनीं सुटकेचा निःश्वास टाकला. परंतु तो थोडा लवकरच टाकला गेला, असें पुढें दिसून आलें.

तिसरी परीक्षा : अक्षरें येतात, पण पुढें गाडी जात नाहीं

'संचालन-प्रणाली सांपडली नाहीं' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर आला तर प्रथम पेन ड्राइव्ह, कार्ड वगैरे बाहेरून लावलेल्या सर्व वस्तु काढून टाकाव्या. कधीं कधीं संगणक डिस्क सोडून पेन ड्राइव्हमध्येंच विंडोज शोधीत बसतो. नंतर घड्याळ पाहावें. तारीख कित्येक वर्षें मागें गेली असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यावर बहुधा सीआर २०३२ असें लिहिलेलें असतें. हा आंकडा त्याचें मापच सांगतो, व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. तीन व्होल्टचा हा स्वस्त सेल बायॉसचें घड्याळ चालू ठेवतो, व जुन्या यंत्रांत त्याच्या मांडणीची आठवणहि राखतो. तो संपला म्हणजे डिस्कचा क्रम चुकूं शकतो, आणि मग चांगल्या यंत्राला रोगी ठरविलें जातें.

यानंतर बायॉसच्या पानावर डिस्कचें नांव दिसतें काय तें पाहावें. नांवच नसेल तर डिस्कची केबल सैल असेल किंवा डिस्कच गेली असेल. जुन्या फिरत्या डिस्कमधून टक्-टक् असा आवाज नियमानें येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावें. त्या डिस्कमध्यें वेगानें फिरणाऱ्या तबकड्यांवरून वाचक-सुई केसाहूनहि कमी अंतरानें सरकत असते. ती बिघडली असतां केलेला प्रत्येक नवा प्रयत्न उरलेली माहिती खरवडून टाकूं शकतो. अशी डिस्क तज्ज्ञाकडेच न्यावी.

चौथी परीक्षा : विंडोजचें चक्र फिरतच राहतें

येथें यंत्राचे अवयव बहुधा ठीक असतात आणि दोष प्रणालींत असतो. विंडोज दहा व अकरा या प्रणाली लागोपाठ कांहीं वेळां सुरू होण्यांत अयशस्वी झाल्या तर दुरुस्तीचें पान स्वतःच पुढें करतात. त्यावर 'स्टार्टअप रिपेअर' व 'सेफ मोड' असे पर्याय मिळतात. सेफ मोड म्हणजे केवळ अत्यावश्यक भागांवर यंत्र सुरू करणें. आजाऱ्याला पेजेवर ठेवावें तसें. तेथें यंत्र नीट चाललें तर मागाहून घातलेल्या एखाद्या कार्यक्रमांत किंवा ड्रायव्हरमध्यें दोष आहे हें ठरतें, आणि तो काढून टाकतां येतो.

हा उपाय केवळ घरगुती नाहीं. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीनें आपल्या संरक्षक कार्यक्रमासाठीं पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, जगांतील सुमारें ८५ लाख संगणक सुरू होईनासे झाले. विमानें अडलीं, आणि आपल्या देशांतहि कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले प्रवेश-पास देण्यांत आले. पुष्कळ ठिकाणीं उपाय काय, तर प्रत्येक यंत्र सेफ मोडमध्यें सुरू करून ती एक फाइल पुसणें! एवढ्या मोठ्या अरिष्टाचेंहि मूळ एका पायरीवर, एका फाइलींत होतें.

माहिती आधीं, यंत्र मागाहून

आतां गिरणीवाल्यांच्या घरीं परत येऊं. अक्षरें उमटलीं, विंडोजचें चक्र फिरूं लागलें, आणि फिरतच राहिलें. डिस्कमधून आवाज नव्हता, पण ती नऊ वर्षांची जुनी होती आणि वाचन अत्यंत मंद चाललें होतें. वडील म्हणाले, "सर, विंडोज पुन्हां घालून टाका, म्हणजे झालें." आम्हीं त्यांस थांबविलें. डिस्क कोरी करून प्रणाली नव्यानें घातली असती तर यंत्र कदाचित् सुरू झालें असतें, परंतु ओव्या गेल्या असत्या. यंत्र बाजारांत मिळतें; माहिती मिळत नाहीं. म्हणून डिस्कवर नवें कांहींहि लिहिण्यापूर्वीं आंतील वस्तु बाहेर काढणें, हा सर्वांत महत्त्वाचा नियम होय.

लिनक्स ही विनामूल्य प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालवितां येते. डिस्कमधील विंडोज जागें करावें लागत नाहीं. शाळेंतून आणलेल्या अशा पेन ड्राइव्हवर आम्हीं तो संगणक सुरू केला, व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरविण्यास आरंभ केला. मुलानें विचारलें, "आधीं काय घेऊं?" वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, "उधारी राहूं दे. आईचा आवाज घे." चौदा ओव्यांपैकीं अकरा उतरल्या. उरलेल्या तीन कांहीं केल्या वाचतां आल्या नाहींत. उधारी व प्रकल्प मागाहून उतरले. त्या अकरांपैकीं पहिली ओवी लावली तेव्हां खोलींत कोणी बोललें नाहीं. त्या तीन ओव्यांची रुखरुख त्या घरांत अजून आहे, आणि आम्हांसहि आहे. कारण दुसरी प्रत वेळेवर काढली असती तर त्या आज असत्या.

ज्यांच्या संगणकांत बिटलॉकर नांवाचें कुलूप लावलेलें असतें, त्यांस अशी सुटका ४८ अंकी किल्लीशिवाय साधत नाहीं. ती किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी.

दोष शोधण्याचे नियम

विद्यार्थ्यांनीं पुढील नियम वहींत उतरून घ्यावे.

१. यंत्र कोणत्या पायरीवर थांबलें हें आधीं ठरवावें. मागील पायरी तपासल्याशिवाय पुढीलकडे जाऊं नये.

२. पडद्यावरील संदेश अक्षरशः लिहून घ्यावा किंवा त्याचें छायाचित्र काढावें. 'कांहीं तरी इंग्रजींत आलें होतें' यावरून कोणालाहि रोग ओळखतां येत नाहीं.

३. एका वेळीं एकच बदल करावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चाललें, तर दोष कोणता होता हें कधींच कळत नाहीं.

४. बदलानें उपयोग झाला नाहीं तर तो पूर्ववत् करून मगच दुसरा करावा. बायॉसमधील मांडणी समजल्याशिवाय बदलूं नये.

५. पेटी उघडण्यापूर्वीं विजेची केबल काढावी, आणि जवळ मोठें माणूस असावें.

६. जळका वास, धूर, फुगलेली बॅटरी, किंवा डिस्कची टक्-टक् आढळली तर तेथेंच थांबून जाणत्यास बोलवावें. थांबणें हाहि शास्त्राचा भाग आहे.

दुकानदारास आम्ही दोष देत नाहीं. एका दिवसांत दहा यंत्रें पाहणाऱ्यास प्रत्येकाची शिट्टी ऐकावयास फुरसत नसते. परंतु म्हणूनच घरच्या माणसांनीं आपल्या यंत्राचा पूर्ववृत्तांत सांगतां येईल इतकें तरी शिकावें. वैद्याकडे जातांना आपण 'ताप केव्हां आला, कसा आला' हें सांगतोंच कीं नाहीं?

शेवटीं एक गोष्ट आज सायंकाळीं करण्याजोगी. घरांतील ज्या फाइली पुन्हां निर्माण करतां येणार नाहींत, त्या कोणत्या, याची आई-वडिलांसह बसून यादी करा. त्यांच्या तीन प्रती ठेवा. त्यांपैकीं एक निराळ्या प्रकारच्या साधनावर, आणि एक घराबाहेर, मामाच्या किंवा आत्याच्या घरीं ठेवलीत तरी चालेल. आमच्या त्या विद्यार्थ्यानें आतां वहीचें एक पान या कामासाठीं राखून ठेवलें आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रत काढावयाची आणि पानावर तारीख घालावयाची. त्या पानाच्या माथ्यावर त्यानें स्वतःच्या अक्षरांत एवढेंच लिहिलें आहे : 'अकरा ओव्या.' मुलांनो, तुमच्या घरच्या यादींत काय काय असेल, त्याचा विचार करा, आणि यंत्र चालूं आहे तोंवरच करा.